पाटी आणि घाट

प्रश्न : अक्का, मी निपाणीचा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि माझा रूममेट मिळून मोबाईलसाठी एक गेम करतोय. येळ्ळूरच्या राजहंसगडासारखा किल्ला, रात्री तो चढणारा एक मुलगा आणि वाटेत ढासळणारे दगड. त्या दगडांवर मी बारीक तडा रंगवला होता. रूममेट म्हणतो, तडा पुसून टाक, जीव किती उरला ते दाखवणारी पट्टी काढून टाक, नकाशा काढून टाक, सुरुवातीच्या सूचना तर नकोतच. 'काही सांगितलं नाही की गेम आपोआप टफ होतोय. आता लोकांना तसलेच आवडतात.' मला पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. माहिती लपवली की गेम खरंच अवघड होतो का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : तडा पुसू नकोस. हे आधी सांगते, कारणं मागाहून.

माझी आई खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. शाळा मराठी चौथीपर्यंत. कानडी बोलायची छान, पण वाचता यायचं नाही. बेळगावच्या बसस्टँडवर ती प्रत्येक गाडीपुढं उभी राहून विचारायची, "ही खानापूरची काय हो?" कुणी 'होय' म्हटलं की चढायची. एकदा मी तिला 'खानापूर'च्या पाटीतलं पहिलं अक्षर आकारावरून ओळखायला शिकवलं. त्या दिवसापासून तिचा तो त्रास कायमचा संपला. पुढं मी स्वतः स्कूटर घेऊन भर पावसात चोर्ला घाटातून गोव्याला गेले. वळणांच्या पाट्या होत्या, मला वाचता येत होत्या, आणि तरी धुक्यात प्रत्येक वळण मलाच घ्यायचं होतं. परतीच्या वाटेवर तीच वळणं ओळखीची होती, घाट मात्र तेवढाच कठीण.

तुझ्या रूममेटला न वाचता येणारी पाटी हवी आहे, आणि त्याची समजूत अशी की आपण घाट बांधतोय.

हे मी ऐकीव सांगत नाही. 1999पासून अकरा वर्षं टिळकवाडीत माझा सायबर कॅफे होता. सहा कॉम्प्युटर, तासाला पंधरा रुपये. येणारी बहुतेक मुलं मराठी शाळांतली. पडद्यावरचं इंग्रजी त्यांना कळायचं नाही, म्हणजे त्यांच्यापुरती प्रत्येक गेमनं माहिती लपवलेलीच होती. म्हणून काउंटरवर मी एक निळ्या पुठ्ठ्याची फुलस्केप वही ठेवली. ज्याला जे कळलं ते त्यानं मराठीत लिहायचं, म्हणजे दुसऱ्याचा वेळ आणि पैसा वाचेल. ती वही आजही माझ्याकडे आहे. त्या वहीनंच मला हा फरक शिकवला. काही गेमची गुपितं लिहून झाली की दोन दिवसांत मुलं तो गेम सोडून द्यायची. काहींबद्दल चार-चार पानं भरली, सगळं सगळ्यांना पाठ झालं, तरी मुलं तिथंच पडत होती आणि पुन्हा पैसे देऊन बसत होती.

प्रिन्स ऑफ पर्शिया घे. 1989चा गेम, जॉर्डन मेकनरनं केलेला. राजकन्येला सोडवायला एक तास, बस्स. त्यातल्या काही फरशा पाय पडला की कोसळतात. पण आसपास उडी मारली की सैल फरशी थरथरते, खडखडते. मुलांनी वहीत लिहिलं : 'नवीन खोलीत गेलास की आधी जागच्या जागी उडी मार, हालणारी फरशी दिसते.' दिसली म्हणून पार करता येते असं थोडंच आहे! खाली सुळे, मागं कोसळणारी फरशी, समोर कडा, आणि घड्याळ चालू. तुझा तडा म्हणजे तीच थरथर. ती काढलीस तर प्रत्येक दगडावर एकदा मरून त्याची जागा पाठ करायची, एवढंच काम उरतं. पाठांतर आणि कसब यांत अंतर आहे.

याच गेममध्ये लपवण्याचे दोन अगदी उलट नमुने आहेत, म्हणून तो मला इतका जवळचा.

पहिला नमुना सावलीचा. मध्येच एका आरशातून उडी मारावी लागते आणि आरशातून आपलीच सावली निघून पळते. शेवटाकडे ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की आपलाही जीव कमी होतो. ती मेली की आपणही मरतो. काय करायचं हे गेम एका शब्दानं सांगत नाही. आमच्याकडचा एक नववीतला मुलगा तिथं तीन दिवस अडकला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं एकदम खुर्ची मागं सारली आणि ओरडला, "अक्का, ती मीच की हो!" तलवार म्यान केली, सावली चालत आली आणि त्याच्यात मिसळून गेली. सगळा कॅफे उठून त्याच्या मागं उभा राहिला होता. इथं उत्तर लपवलं होतं, पण खूण लपवली नव्हती. आरसा दाखवला होता, प्रत्येक वाराला आपलं रक्त दाखवलं होतं. जुळवायचं काम तेवढं मुलाच्या डोक्याला ठेवलं होतं.

दुसरा नमुना कुप्यांचा. पहिला टप्पा संपला की अक्षरं लिहिलेल्या कुप्यांची एक खोली यायची. गेमसोबतच्या छापील पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या, अमुक ओळीतल्या, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं, तीच कुपी प्यायची. पुस्तिका नसेल तर कितीही हुशार असलात तरी अंदाजच करायचा. ती खोली मुळात गेमची चोरून कॉपी करणाऱ्यांना अडवण्यासाठीच केलेली होती, आणि ते काम ती करायची. पण तिला अवघड म्हणायचं का? ते कुलूप होतं. किल्ली खोलीबाहेर ठेवलेली होती.

तेव्हा प्रश्न 'लपवलं की नाही' हा नाहीच. किल्ली खोलीत आहे की बाहेर, हे बघ.

आता तुझा रूममेट ज्या गेमांकडे बोट दाखवतोय त्यांच्याकडे येते. 2011चा डार्क सोल्स मला माझ्या भाच्यानं दाखवला. फारसं काही सांगत नाही ही त्याची ख्याती, आणि लोकांना वाटतं अवघडपणा तिथून येतो. मी भाच्यामागं बसून बरेच रविवार पाहिलं. सुरुवातीलाच एक अवाढव्य राक्षस अंगावर येतो आणि हातात फक्त मोडकी तलवार. लढून उपयोग नाही. पण बाजूला एक उघडं दार आहे, डोळे उघडे ठेवले तर दिसतं. पुढं ज्यांच्याशी लढायचं ते शत्रू वार करण्याआधी हात उचलतात, अंग मागं घेतात. म्हणजे घाव येतोय हे सांगूनच घालतात! आनंदवाडीच्या आखाड्यातले पैलवान बघ, समोरच्याचा डाव दोघांनाही माहीत असतो, तरी कुस्ती सुटत नाही. तसंच ते.

पण त्याच गेममध्ये एक गोष्ट मला साफ चुकीची वाटली. कमावलेली ताकद वेगवेगळ्या गुणांवर खर्च करायची असते. त्यात रेझिस्टन्स नावाचा एक गुण आहे, त्याचा फायदा इतका थोडा की जाणकार कुणी त्याला हात लावत नाही. गेम हे सांगत नाही, आणि एकदा खर्च केलेलं परत घेता येत नाही. भाच्यानं तिथं ताकद घातली आणि कित्येक तासांनंतर त्याला कळलं. त्यानं चूक काय केली? काहीच नाही. त्याला शिकण्याची संधीच मिळाली नाही. परत न फिरवता येणारा निर्णय आणि त्याचा परिणाम झाकलेला, ही जोडी तुझ्या गेममध्ये कुठंही येऊ देऊ नकोस.

उलट टोकाचा गेमही रूममेटला खेळायला लाव : 2018चा इन्टू द ब्रीच. आठ बाय आठ घरांचा पट, आणि शत्रू पुढच्या खेपेला कुठल्या घरावर हल्ला करणार हे सगळं आधीच पडद्यावर दिसतं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर कोरलेला वाघ-बकरीचा पट असतो ना, तशीच सगळी सोंगटी-सोंगटी उघडी. तरी एका चालीवर मी दहा-दहा मिनिटं बसलेली आहे. सगळं माहीत असून सुचत नाही, यापरतं अवघड काय असणार?

मात्र लपवणं वाईटच, असंही तू समजू नकोस. कॅफेत दुपारी एक निवृत्त गुरुजी यायचे आणि फक्त माइनस्वीपर खेळायचे, तेही सर्वांत कठीण : तीस बाय सोळा घरं, नव्व्याण्णव सुरुंग. सगळे सुरुंग लपलेले, पण उघडलेला प्रत्येक आकडा भोवतीच्या आठ घरांत किती सुरुंग आहेत ते खरं सांगतो. गुरुजी ओठांत पुटपुटत तर्क करायचे. कधी कधी शेवटी कोपऱ्यात दोनच घरं उरतात, एकात सुरुंग, आणि ठरवायला कुठलाच आकडा कामाचा नाही. तिथं गुरुजी माऊस खाली ठेवायचे. "माझं संपलं. आता राहिलं ते नशिबाचं," म्हणायचे आणि डाव तसाच सोडून उठायचे. त्यांनी जिथं माऊस ठेवला, ती रेघ मी आजवर प्रत्येक गेममध्ये शोधत आले.

तर असं कर. तडा राहू दे, पण दगड ढासळायला लागणारा वेळ कमी कर. तडा दिसल्यावर पळायला अर्धा श्वास मिळाला पाहिजे, पूर्ण नाही. रात्र आहेच, तर कंदिलाचा उजेड पोचेल तेवढ्यातच तडे दिसू देत. मग कंदील कुठं धरायचा हा खेळणाऱ्याचा निर्णय होईल. नकाशा काढून टाकलास तरी चालेल, पण मग बुरूज, विहीर, देवळाचं शिखर यांवरून वाट ओळखता आली पाहिजे. जिवाची पट्टी नको असेल तर मुलगा लंगडताना दिसू दे, धापा ऐकू येऊ देत. सूचनांचे शब्द खुशाल काढ. ते माझ्या कॅफेतल्या मुलांनी कधी वाचलेच नव्हते. पहिल्या चार पायऱ्या अशा रच की कमी उंचीवर, न मरता, एक तडकलेला दगड ढासळून दाखवेल.

मग दोघांना खेळायला बसव. एकाला काही सांगू नकोस, दुसऱ्याला सगळं सांग, अगदी प्रत्येक दगडासकट. सांगितलेला मुलगा हसत हसत वर पोचला आणि पुन्हा मागितला नाही, तर तुम्ही पाटीच लपवली होती.

प्रश्न : अक्का, माझा आठवीतला मुलगा गेममध्ये जरा अडला की लगेच यूट्यूबवर उत्तर बघतो. ही फसवणूक नाही का? त्याला थांबवू का?
— एक आई, खानापूर

उत्तर : फसवणूक नाही हो. 1984मध्ये जपानमध्ये टॉवर ऑफ द्रुआगा नावाचा गेम आला होता. साठ मजले, जवळपास प्रत्येक मजल्यावर एक पेटी, आणि ती काय केल्यानं प्रकटते याचा काडीचा पत्ता नाही. एकट्यानं ते सुटणं जवळजवळ अशक्य. मग तिथल्या गेमच्या दुकानांत मुलांनी वह्या ठेवल्या आणि एकमेकांसाठी लिहीत गेले. मला हे कळलं तेव्हा माझी निळी वही आठवून डोळे भरून आले होते.

तुमच्या मुलाला थांबवू नका, पण एक विचारा : "उत्तर कळल्यावर ते तुला जमलं का?" जमायला वेळ लागत असेल तर तो खेळतोय, काळजी नको. नुसतं कळल्याबरोबर संपत असेल, तर व्हिडिओ लावण्याआधी त्याला तीन अंदाज कागदावर लिहायला सांगा. आणि कधी काही त्याला स्वतःला सापडलं, तर ते शेजारच्या मुलाला लगेच सांगू नको म्हणावं. दोन दिवस त्याला शोधू दे. मग सांग.