मुलांना धावायला शिकवताना घाई नको

शाळेच्या किंवा संस्थेच्या मदतीसाठी निधी गोळा करणाऱ्या दौडीसाठी पहिल्यांदाच मुलांची तयारी करून घेताय, तर अंतराचा विचार सध्या बाजूला ठेवा. अशा दौडीत नंबर काढायचा नसतो, त्यामुळे वेगाचंही ओझं नको. हाताशी 8 आठवडे असले तर उत्तम.

मुलं सुरुवातीलाच जीव तोडून पळतात आणि दोन मिनिटांत धापा टाकत बसतात. त्यांना सावकाश धावणं मुद्दाम शिकवावं लागतं. जोड्या करा आणि गप्पा मारत धावायला सांगा. बोलता येईनासं झालं की वेग कमी करायचा. आधी 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं, असं 15-20 मिनिटं. मग हळूहळू धावणं वाढवा. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सुट्टी हवीच. एखाद्या दिवशी नुसती पकडापकडी खेळू द्या, दम त्यानेही वाढतो.

वाढीच्या वयात टाच किंवा गुडघा वारंवार दुखत असेल तर ‘सहन कर’ असं कृपया म्हणू नका. धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. दमा असलेल्या मुलाचा इनहेलर मैदानावरच हवा. ऊन टाळा, पाणी मधूनमधून द्या.

आणि सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाबरोबर तुम्ही स्वतः धावा.