‘म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?’

कंबरदुखीसाठी डॉक्टरांनी समुपदेशकाकडे पाठवलं की माणूस आधी दुखावतो. घरी ब्लाऊज शिवणाऱ्या चाळिशीतल्या एका ताईंनी बसता बसताच विचारलं, “मॅडम, मी सोंग करते असं वाटतं का सगळ्यांना?” (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दुखणं खरंच होतं, आणि मी त्यांना आधी तेच सांगितलं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी लघवी-शौचावरचा ताबा, पायांतली ताकद, जांघेतला बधिरपणा, ताप, घटतं वजन हे सगळं बघून गंभीर काही नाही असा निर्वाळा दिला होता. ही तपासणी झालेली नसेल तर मी काम सुरूच करत नाही.

एमआरआयच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ होता, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली. ताईंनी त्याचा अर्थ ‘मणका सरकलाय, वाकले की संपलं’ असा घेतला. पण २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कंबर न दुखणाऱ्या चाळिशीच्या माणसांतही निम्म्यांच्या स्कॅनमध्ये असा बल्ज दिसतो. हे ऐकून त्या बराच वेळ रिपोर्टाकडे बघत राहिल्या.

पट्टा दिवसभर बांधलेला, खाली वाकणं बंद, बादली उचलायला नवरा. वाकायचं नाही म्हणून स्नायू आखडत गेले, आखडले म्हणून जास्त दुखलं, आणि दुखलं की भीती पक्की. व्लायेन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली हे चक्र नीट मांडून दाखवलं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातच अडकलेले असतात.

एकदा मी दोऱ्याचं रीळ जमिनीवर ठेवलं. “हे उचललं तर काय होईल?” “चमक भरेल, पुन्हा उठता येणार नाही.” खात्री किती? “शंभरात नव्वद.” ताईंनी श्वास रोखला, एक हात टेबलावर घट्ट धरला आणि खाली गेल्या. रीळ हातात आलं. कंबर दुखली, पण ताई उठल्या. दुसऱ्यांदा श्वास सोडत, टेबल न धरता. मग मी आकडा पुन्हा विचारला. “चाळीस असेल.” माझ्या तासाभराच्या बोलण्याने हा आकडा एवढा खाली आला नसता, म्हणून मी समजूत घालण्यापेक्षा करून बघण्यावर भर देते.

लग्नसराईत त्या बरं वाटलं की दिवसभर मशीनवर बसायच्या आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढायच्या. त्यावर गजर लावला: वीस मिनिटं झाली की उठायचं, दुखत असो वा नसो. कामाचं माप घड्याळ ठरवणार, कंबर नाही. यजमानांना वेगळं बोलावलं. ‘आई गं’ ऐकताच ते धावून येत, तेही प्रेमापोटीच. “बादली अर्धी भरून द्या, पण उचलू द्या त्यांना,” एवढंच सुचवलं. त्यांना ते जड गेलं.

ब्रिटनमधल्या कंबरदुखीच्या ७०१ रुग्णांच्या २०१० च्या अभ्यासात याच पद्धतीच्या, म्हणजे दुखण्याबद्दलचे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या गटसत्रांचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. पण दुखणं मुळापासून जाईल असं वचन मी कुणाला देत नाही. ताईंची कंबर आजही अधूनमधून धरते. तेव्हा काय करायचं ते त्यांनी स्वतः लिहून मशीनशेजारी चिकटवलंय: शेक घ्यायचा, घरातल्या घरात फिरायचं, काम निम्मं करायचं पण बंद ठेवायचं नाही, आणि एमआरआयची फाईल उघडायची नाही.