सीटीसी ऐकून लगेच हो म्हणू नकोस
बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, छानच! पण सीटीसी म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च, हातात येणारा पगार नव्हे. म्हणून सही करण्याआधी एचआरकडून पगाराची फोड मागून घे. कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा, साधारण मूळ पगाराच्या १२ टक्के, बहुतेकदा सीटीसीतच धरलेला असतो. तेवढेच तुझ्याही पगारातून कापतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही बहुतेकदा सीटीसीतच धरतात. वर गुजरातचा व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये. हातात काय पडेल ते काढ, मग बोल.

आकडा आधी त्यांना सांगू दे. वाढवून मागताना कारण तुझ्या कामाचं दे, घरभाड्याचं नको. ‘बडोद्यात राहणं स्वस्त’ हे ऐकवतीलच, हसून सोडून दे. अगदीच हलत नसतील तर सहा महिन्यांनी पगाराचा आढावा माग. ठरेल ते ईमेलवर घे. फोनवरचं ‘बघू आपण’ मी तरी धरत नाही.