सहासष्टची मस्टँग: वळणं, ब्रेक आणि मागची टाकी

या वेळचे चारही प्रश्न १९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगचे आहेत. इंजिन २८९ घनइंची व्ही-८, आणि हौस सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर जायची.

प्रश्न: ऑटोक्रॉसमध्ये (शंकू मांडून होणारी वेळेची शर्यत) स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी गाडी वळत नाही, सरळ पुढे घसरते. पुढच्या टायरची बाहेरची कड खाल्ली गेली आहे. रुंद टायर घेऊ की जाड अँटी-रोल बार (गाडीचा कल रोखणारी दांडी)?

सध्या दोन्ही नको. वळणात गाडी कलली की या सस्पेन्शनमध्ये बाहेरच्या बाजूचं चाक वरच्या अंगाने बाहेर झुकतं आणि टायर कडेवर उभा राहतो. रुंद टायर घेतलात तर तो रुंद कडेवर उभा राहील, एवढंच. दुखणं वरच्या कंट्रोल आर्मच्या (चाक गाडीला जोडणारा हात) आतल्या टोकाच्या उंचीत आहे. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे ते टोक १ इंच खाली घेणं. १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मध्ये हे केलेलं होतं, म्हणून याला ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणतात. ती गाडी एससीसीए या अमेरिकन शर्यत-संघटनेच्या बी-प्रॉडक्शन वर्गात १९६५ ते ६७ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेती ठरली.

नवा भाग जवळजवळ काहीच लागत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं पाडायची. गाडी स्टँडवर घ्या आणि स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून बाहेर काढा. सगळ्या कामात धोक्याचा भाग हाच: दाबलेली स्प्रिंग बंदुकीसारखी सुटते, तिच्या रेषेत उभं राहू नका. शॉक टॉवरच्या (आर्म आणि स्प्रिंग जिथे बसतात तो पत्र्याचा खांब) जुन्या भोकांभोवती तडे आहेत का ते तारेच्या ब्रशने घासून बघा. असतील तर आधी वेल्डिंग. मग नव्या भोकांची जागा दाखवणारं टेम्पलेट जुन्याच भोकांत बोल्टने कसा, पंच मारा, १/८ इंचाच्या ड्रिलने वाट करा आणि टप्प्याटप्प्याने १७/३२ इंचापर्यंत या. माप जुन्या भोकांवरूनच घ्या, पत्र्याच्या कडेवरून घेतलंत की डावं-उजवं जुळत नाही. भोक लांबट झालं तर जोरात ब्रेक मारताना आर्मचा शाफ्ट सरकतो आणि चाकांची अलाइनमेंट दर खेपेला बिघडते. १ इंचापेक्षा खाली जायचा मोह आवरा. तिथे आर्मच्या बाहेरच्या टोकाचा बॉल जॉइंट अडकायला लागतो आणि वेगळी पाचर बसवावी लागते.

नंतर अलाइनमेंट. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) उणे १ ते उणे १.५ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकाव) अधिक ३ अंशांच्या आसपास, टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली असणं) १/८ इंच. दुकानातल्या यंत्रात फॅक्टरीचे आकडे असतात. ते जुन्या, तिरप्या थरांच्या बायस-प्लाय टायरसाठीचे आहेत, म्हणून आपले आकडे कागदावर लिहून द्या. तुमच्या गाडीत हे शिमने (पातळ पट्ट्यांनी) जुळतं: दोन्ही बोल्टखाली सारखे शिम बदलले की कॅम्बर, कमी-जास्त केले की कॅस्टर. टॉवर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जोडणारा एकसंध एक्सपोर्ट ब्रेस टाकणार असाल तर तो अलाइनमेंटच्या आधी बसवा. त्याची भोकं जुळत नसतील तर ब्रेस चुकलेला नसतो. टॉवर इतक्या वर्षांत आत झुकलेले असतात.

प्रश्न: पुढे डिस्क ब्रेक बसवले. ट्रॅकवर चौथ्या फेरीला पेडल थेट तळाला गेलं. साध्या रस्त्यावरही पुढची चाकं तापतात.

पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर दोष पॅडचा. पेडल मऊ पडलं तर ब्रेक ऑइल उकळलं. तुमचं ऑइल उकळलं आहे. डॉट ३ प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषलेलं १४०ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. डॉट ४ भरा आणि वरचेवर बदला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, यात मिसळत नाही.

चाकं तापणं ही वेगळी तक्रार आहे आणि पहिलीचं मूळही बहुधा तीच. फिरून आल्यावर पुढचं चाक उचला. जड फिरत असेल तर ब्लीडर (ब्रेकमधलं ऑइल सोडायचा स्क्रू) सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर लाइनमध्ये दाब अडकलेला आहे. तसंच जड राहिलं तर पॅड दाबणारा कॅलिपरच अडकतोय. दाब अडकला असेल तर पुढची परीक्षा अशी: पुन्हा चाक जखडलं की ब्लीडर न उघडता मास्टर सिलिंडरचे, म्हणजे पेडलमागच्या ब्रेक पंपाचे, नट एक-दोन मिलिमीटर सैल करा. चाक सुटलं तर पेडलचा जोर पोचवणारा पुशरॉड लांब आहे आणि ऑइलच्या परतीचं छिद्र झाकतोय. नाही सुटलं तर ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमधला रेसिड्युअल व्हॉल्व्ह आत राहिला आहे. तो सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवतो. ड्रमला तो हवा, डिस्कला नको.

आणि मास्टर सिलिंडर अजून एकाच कप्प्याचा असेल तर तो आधी बदला. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. मस्टँगला दोन सर्किट १९६७ पासून आली.

प्रश्न: लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा पडतो.

वळणात इंजिनचं ऑइल तळाच्या पॅनमध्ये एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. आडपडदे असलेला खोल पॅन घाला, ऑइल ओढणारी पिकअप नळीही त्याच पॅनच्या जोडीची. लेव्हल बरीच वर भरून भागवू नका, क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. पॅन येईपर्यंत काटा पडला की पाय उचला. बेअरिंग पुढच्या फेरीची वाट बघत नाही.

प्रश्न: शर्यतीच्या सीटबेल्टचे खांद्याचे पट्टे मागच्या फ्लोअरला बांधले तर चालतील?

नाही. पट्टा खांद्यावरून खाली खेचला गेला की धडकेत सगळा जोर मणक्यावर येतो. तो खांद्याच्या पातळीत किंवा जरासाच खाली, रोल बारच्या (गाडी उलटली तर वाचवणारी कमान) आडव्या नळीला बांधायचा. दोन पायांमधला पट्टा नसेल तर कमरेचा पट्टा पोटावर सरकतो, त्यामुळे निदान पाच टोकांचा घ्या. एसएफआय १६.१ या सुरक्षा प्रमाणाच्या पट्ट्याची मुदत लेबलवरच्या तारखेपासून दोन वर्षं असते. वापरलेला घेताना रंगाआधी ते लेबल बघा.

तुम्ही विचारलं नाही, तरी मागचं सीट काढलंच आहे तर एक काम उरका. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, आणि डिकी व तुमच्यामध्ये फक्त सीट आणि पुठ्ठा. धडकेत टाकी फुटली तर पेट्रोल आत येऊ नये म्हणून तिथे पोलादी पत्रा लावा आणि कडेची प्रत्येक फट सीलंटने बुजवा. वायरिंग जाते ती भोकंसुद्धा.