निरांजन फुंकायचं नाही, बंब मात्र फुंकायचा

मेलबर्न, ११ जानेवारी

प्रिय मनू,

परवा तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यायला नको वाटलं, म्हणून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर आज्जीकडून वाचून घे. तिलाही ऐकायला आवडेल.

तुझ्या दहाव्या वाढदिवसाला आज्जीनं तुला पाटावर बसवून औक्षण केलं. मग मामानं आणलेल्या केकवरच्या मेणबत्त्या तू फुंकल्यास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच भरात तू निरांजन फुंकायला वाकलीस. आज्जीनं ताट मागं ओढलं. "तोंडानं फुंकू नये गं बाळा, दिवा उष्टा होतो." दुसऱ्या दिवशी पहाटे तीच आज्जी हातात फुंकणी घेऊन आंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात जोरजोरात फुंकताना तुला दिसली. तू विचारलंस, एक आग फुंकायची नाही आणि दुसरी फुंकायची, असं कसं? आणि आग म्हणजे असतं तरी काय? ती वस्तू आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आग ही वस्तू नाही. ते चालू असलेलं काम आहे. तू आता गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, नंदीध्वजांची मिरवणूक बघशील. सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, त्या पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, दमलेल्या माणसाच्या जागी दुसरा येतो, गर्दी पुढं सरकत राहते. मिरवणूक उचलून डब्यात ठेवता येत नाही. माणसं चालतात तोवर ती आहे, थांबली की नाही. ज्योतीचं तसंच आहे. तिच्यातला कणन् कण क्षणाक्षणाला बदलत असतो, आपल्याला मात्र एकच स्थिर ज्योत दिसते.

आज दिवेलागणीला देवघरातलं निरांजन लावलं की आज्जीच्या शेजारी बस आणि नीट बघ. तूप घट्ट असतं. ज्योतीच्या उष्णतेनं ते वितळतं आणि फुलवातीतून वर चढतं, बादलीत टॉवेलचं टोक बुडलं की पाणी टॉवेलभर चढतं तसं. वातीच्या टोकाशी पोचल्यावर त्याची वाफ होते. जळते ती ही वाफ. म्हणूनच ज्योत वातीला अगदी चिकटलेली नसते, मधे थोडा अंधारा भाग दिसतो. तिथं वाफ आहे, पण अजून पुरेशी हवा पोचलेली नाही. पोचली की तुपातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात, त्यातून उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेनं आणखी तूप वितळतं. असं ते चक्र आपलं आपण फिरत राहतं. पेटवायला काडी लागते ती फक्त पहिल्या फेरीपुरती.

ज्योतीच्या बुडाशी निळा रंग दिसेल. तिथं हवा भरपूर असते, जळणं स्वच्छ होतं. वरचा पिवळा भाग, जो आपल्याला खरा दिवा वाटतो, तो अर्धवट जळलेल्या कार्बनच्या बारीक कणांचा असतो. ते हजार अंशांहून जास्त तापलेले असतात आणि तापलेल्या लोखंडासारखे चमकतात. आज्जीला विचारून स्टीलचा थंड चमचा ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर धर. काळा थर येईल. ते कण निसटून वर जाण्याआधी तू पकडलेस. आपल्याकडं त्याला काजळ म्हणतात, मनू! तू तीन महिन्यांची असताना आपण सोलापूरला आलो होतो, तेव्हा आज्जीनं दिव्यावर तांब्याचं ताम्हन पालथं धरून काजळ जमवलं होतं, त्यात तूप कालवून तुझ्या कानामागं तीट लावली होती. म्हणजे जो कण वर जळून जायचा तो तुझ्या अंगावर आला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या ताम्हनाकडं बघत बसले होते.

ज्योतीला टोकदार आकार का, तर गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि ज्योतीला वर ओढते. अंतराळयानात, जिथं वर-खाली असं काही नसतं, तिथं हे प्रयोग करून बघितलेत. तिथं ज्योत गोल होते, लहानशा निळ्या चेंडूसारखी.

आता फुंकर. तू मेणबत्तीवर फुंकर मारलीस तेव्हा तुझ्या श्वासात ऑक्सिजन नव्हता म्हणून ती विझली असं नाही. हवेत तो शंभरात २१ भाग असतो, आपल्या उच्छ्वासातही १६-१७ भाग उरतोच. झालं असं की तुझ्या फुंकरीनं वाफ वातीपासून दूर उडवली आणि टोक गार केलं. चक्राचा एक दुवा तुटला. विझल्यावर जो पांढरा धूर निघतो तो म्हणजे न जळलेलं मेणच. मामाला सांग, मेणबत्ती विझवून लगेच त्या धुराच्या रेघेला वर पेटती काडी लावायला. ज्योत धुरावरून उडी मारून खाली वातीवर येईल. हे मामानंच करायचं, तू बघायचं.

बंबात मात्र दुसरंच चाललेलं असतं. आज्जी आधी गोवरीचा तुकडा आणि ढलप्या पेटवते, तेव्हा ज्वाळा असतात, लाकडातून निघणारी वाफ जळत असते. ती संपली की उरतो तो निखारा. निखाऱ्यात वाफ नाही, तिथं कोळसा स्वतःच पृष्ठभागावर जळतो. उडवून लावण्यासारखं काहीच नसतं. उलट त्याच्यावर राखेचा थर बसतो आणि हवा पोचेनाशी होते. फुंकणीनं आज्जी ती राख उडवते, ताजी हवा आत घालते, आणि निखारा लालबुंद होतो. तोच श्वास, पण एकीकडं वाफ पळवतो आणि दुसरीकडं हवा पुरवतो. तुझ्या कोड्याचं उत्तर एवढंच आहे, आणि तू ते बंबासमोर उभं राहून पकडलंस याचं मला फार कौतुक वाटतं.

आपल्या भाषेनं हा फरक केव्हाच ओळखलाय. दिव्याची ती ज्योत. चुलीखालचा तो जाळ, "जाळ कमी कर, भाकरी करपेल" असं आज्जी म्हणते तो. ज्वाळा गेल्यावर जो उरतो तो विस्तव. पूर्वी काडेपेटी हाताशी नसली की बायका शेजारून विस्तव मागून आणायच्या. विस्तवाजवळ बसल्यावर अंगाला लागते ती धग. मंद भाजायचं तर आच. डोंगरावर पेटतो तो वणवा. थंडीत अंगणात करतात ती शेकोटी. आणि पुढच्या आठवड्यात मामा मंगळवेढ्याकडच्या शेतावर हुरड्याला नेईल तेव्हा तुला भेटेल ती आगटी. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या पेटवून त्यांचा विस्तव करायचा आणि कोवळ्या ज्वारीची कणसं त्यात खुपसायची. तिथं ज्वाळा नकोच असते. ज्वाळेनं दाणे वरून जळतील आणि आत कच्चे राहतील. गोवरी सावकाश, एकसारखी तापते, म्हणून हुरड्याला गोवरीच लागते. गरम कणीस हातावर चोळून निघालेले हिरवे दाणे शेंगाचटणीबरोबर खा. हात भाजतील, भाजू देत.

राहिलं उष्टं. श्वासानं दिवा खरंच उष्टा होत नाही, विज्ञानाच्या भाषेत तिथं उष्टं होण्यासारखं काही नाही. पण आज्जीचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. औक्ष म्हणजे आयुष्य. "औक्षवंत हो" म्हणतात ना मोठी माणसं, तेच. औक्षण करताना आज्जी ती ज्योत तुझ्या तोंडाभोवती ओवाळते आणि मनात म्हणते, हिला असंच उजेडाचं, लांब आयुष्य मिळो. ज्या ज्योतीवर तुझं आयुष्य मागितलं ती त्याच घडीला फुंकून टाकायची, हे तिच्या जिवाला कसं सोसेल? म्हणून निरांजन आपल्याकडं तूप संपेपर्यंत तेवू देतात आणि मग ते शांत झालं म्हणतात. विझलं असं तर आज्जी बोलणारच नाही, लक्ष देऊन ऐक. केकवरच्या मेणबत्त्यांचं तसं नाही, त्या फुंकण्यासाठीच लावलेल्या असतात, त्या खुशाल फुंक. फुंकणीचंही आज्जीच्या नियमात बसतं. नळी मधे असते, तोंड विस्तवापासून हातभर लांब राहतं आणि भुवया शाबूत राहतात.

तू असंही म्हणालीस की बंबासमोर बसलं की उठावंसंच वाटत नाही. मलाही वाटायचं नाही. माणसांचं हे फार जुनं आहे. दक्षिण आफ्रिकेत वंडरवर्क नावाच्या गुहेत १० लाख वर्षांपूर्वीची राख आणि जळकी हाडं सापडलीत. तेव्हा आपल्यासारखी माणसंसुद्धा नव्हती, आपले पूर्वज होते. आगीमुळं अन्न मऊ झालं, जनावरं दूर राहिली, आणि दिवस मावळल्यावरही जागं राहता आलं. त्या जागेपणी काय करायचं? पॉली विस्नर नावाच्या बाईंनी कलहारी वाळवंटातल्या जुहोआन्सी लोकांची बोलणी अभ्यासली आणि २०१४ मध्ये मांडली. दिवसाच्या बोलण्यात गोष्टी शंभरात ६, बाकी सगळं काम, देणंघेणं, तक्रारी. रात्री आगीभोवती मात्र शंभरात ८१ गोष्टी. हे वाचलं तेव्हा मला आपल्या अंगणातली शेकोटीच आठवली. आजोबांनी आम्हाला दिवसा एकही गोष्ट सांगितलेली मला आठवत नाही.

दुसरं एक म्हणणं डॅनियल फेस्लर या अभ्यासकाचं आहे. जिथं मुलं रोज आग हाताळतात तिथं ती लहानपणीच त्यात तरबेज होतात आणि मग आगीचं वेड ओसरतं. जिथं मुलांना आगीजवळ जाऊच देत नाहीत, तिथं ते कुतूहल मोठेपणीही भागत नाही. मला हे पटतं, कारण मी तसंच जगले. सात वर्षांची होते तेव्हा पहाटे बंब पेटवायचं काम माझ्याकडं आलं. पहिले काही दिवस नुसता धूर, डोळ्यांत पाणी आणि आज्जीची हाक, "अगं, हवेला वाट ठेव की!" मग हाताला कळलं की ढलप्या दाबून भरायच्या नसतात. तुला मी हे काहीच दिलं नाही. आपल्या घरी इंडक्शनची काच आहे. पाणी उकळतं, पण काही जळताना दिसत नाही. त्यात तुझ्या वाट्याला आग आली ती वणव्याची. २०२० च्या जानेवारीत मेलबर्नवर धूर उतरला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आपण खिडक्या लावून बसलो होतो आणि तू सारखी विचारायचीस, सूर्य नारंगी का झाला? टोटल फायर बॅनच्या दिवशी बाहेर शेगडीसुद्धा पेटवायची नाही, हे तुला पाढ्यासारखं पाठ आहे. ते बरोबरच आहे, ते कधी विसरू नकोस. पण त्याच देशातले मूळ रहिवासी हजारो वर्षं थंड हंगामात ठरवून, लहान आणि सावकाश आग लावत आलेत, म्हणजे उन्हाळ्यात मोठी पेटायला पाचोळा उरत नाही. त्यांना आणि आज्जीला एकमेकांचं बोलणं लगेच समजलं असतं असं मला वाटतं.

म्हणून आज्जीला मी सांगितलंय, उद्यापासून बंब मनू पेटवेल, तू शेजारी बस. सुती फ्रॉक घाल, ओढणी नको, केस बांध, पाण्याची कळशी जवळ ठेव.

संक्रांतीच्या रात्री मामा तुला होम मैदानावर नेईल. भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, तळ्यातल्या सिद्धेश्वरांच्या देवळाजवळ. तिथं होम होतो. बाजरीच्या पेंढ्यांची कुंभारकन्या करतात, तिला साडी नेसवतात आणि मग तिला अग्नी देतात. गोष्ट अशी सांगतात की एका कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशी, म्हणजे याच सिद्धेश्वरांशी, लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणून तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं, आणि मग ती अग्नीत गेली. लहानपणी ही गोष्ट ऐकून मला रडू यायचं, आणि आजही ती मला सुखाची वाटत नाही. तुलाही तसं वाटलं तर मामाचा हात धर. मीही आजोबांचा हात धरून "पेंढ्याच आहेत, पेंढ्याच आहेत" असं पुटपुटत उभी असायचे.

दुसऱ्या दिवशी तिथंच शोभेचं दारूकाम असतं. आता तुला माहीत आहे की आगीला हवा लागते, तर मग कागदात गच्च बांधलेली दारू जळते कशी, हे तू विचारशीलच. तिच्यात सोरा असतो आणि ऑक्सिजन त्या सोऱ्यातच असतो. दारू आपली हवा आपल्याबरोबर घेऊन निघते. लाल रंग दिसला तर स्ट्रॉन्शियम, हिरवा बेरियम, निळा तांबं. गडद निळा जमवणं सगळ्यात अवघड, तो दिसला तर मामाला हाताला धरून दाखव.

होम पेटेल तेव्हा तिथं रात्रीचे १० वाजले असले तर इथं पहाटेचे साडेतीन असतील. मी जागी राहणार आहे. व्हिडिओ कॉल लाव आणि फोन मामाकडं दे, म्हणजे तुला नीट बघता येईल. फक्त आवाज बंद करू नका. ओलसर पेंढ्यांतल्या पाण्याची वाफ होऊन त्या तडतडतात, ते मला ऐकायचंय.

तुझी,
आई