पुडीतली फुलपाखरं

प्रश्न : मामांनी ऐंशीच्या दशकात जैसलमेर-बिकानेरकडे गोळा केलेली फुलपाखरं त्रिकोणी कागदी पुड्यांत सापडली. हात लावला की तुकडे पडतात. संग्रहालयाला देण्याआधी पंख उघडून ठेवावेत का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी पुड्या जपा, एकही फेकू नका. त्यांवरचं गाव आणि तारीख हाच नमुन्याचा जीव. 'अरब' गटातली वाळवंटी फुलपाखरं कोरड्या दिवसांत फिकी असतात, पावसाळ्यात त्यांची काळी नक्षी ठसठशीत होते. तारीख नसली तर हा ऋतूचा फरक की जातीचा, हे ठरवणं अवघड जातं. पुड्यांतले नमुनेही संग्रहालयं घेतात, म्हणून एका जातीची पाच असतील तर दोनच उघडा.

उघडण्याआधी चिमट्याने एक पाय काढून वेगळ्या पुडीत ठेवा, तोच क्रमांक घालून. ओल लागली की डीएनए खराब होतो. कोरडा पाय पुढे उपयोगी पडेल. मग वाळलेले सांधे मऊ करायला घट्ट झाकणाच्या डब्यात तळाला ओली वाळू, वर जाळी आणि जाळीवर फुलपाखरू. बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे चार-पाच खडे टाका. लहानाला एक दिवस, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. झाकणाला साचलेलं पाणी पंखावर पडलं तर डाग कायमचा, म्हणून झाकणाला आतून टिपकागद लावा. चिमट्याने हलकेच दाबून पंख सहज हलले तरच पुढे जा; सांधा ताठ असताना जोर केला तर पंख मुळातूनच तुटतो.

स्टेनलेस स्टीलची ३८ मिमी लांबीची कीटक-टाचणी छातीच्या मधोमध सरळ घाला, वर साधारण १२ मिमी मोकळी ठेवा. पितळी टाचणी नकोच. अंगातल्या चरबीने तिच्यावर हिरवा थर चढतो आणि तो फुगून छाती फोडतो. पंखांवरची वाळू ब्रशने झटकू नका, खवलेही निघतात. जुनी पुडी नमुन्याबरोबरच राहू द्या.

देण्यासाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी किंवा झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं जोधपूरचं वाळवंट केंद्र, यांना आधी यादी पाठवून विचारा. काही जाती १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तेही त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

प्रश्न : डांबरगोळ्या ठेवूनही नमुन्याखाली तपकिरी भुकटी साचते. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ही संग्रह खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीची खूण. डांबरगोळीचा वास किडीला लांब ठेवतो, पण आत शिरलेली अळी त्याने मरत नाही. पेटी पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८-२० अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर नमुन्यांवर दव धरतं. डांबरगोळ्या आणि पॅराडायक्लोरोबेंझिन (किडीसाठी वापरलं जाणारं दुसरं रसायन) एकाच पेटीत कधीही नकोत. एकत्र आल्यावर दोन्ही वितळतात आणि पेटीत ओघळतात.