गोल्फ मार्क टू, ४५० बीएचपी आणि आयएसएतले १४ हजार पौंड

नॉर्थॅम्प्टनहून एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय, आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वय ३७, मूळचे सांगलीचे, ११ वर्षं ब्रिटनमध्ये, आता इथलेच नागरिक. पगार ६४ हजार पौंड, हातात महिन्याला ३,८२० येतात, वहिनींचे पार्टटाइमचे १,४८०, घरखर्च ४,४५०, म्हणजे ८५० उरतात. मुलगी ६ वर्षांची. बँकेत कॅश ९ हजार, स्टॉक्स अँड शेअर्स आयएसएत, म्हणजे इथल्या करमुक्त गुंतवणुकीच्या खात्यात, १४ हजार, तिकडे सांगलीला एनआरई एफडी ८ लाखांची. घराचं कर्ज २ लाख १२ हजार बाकी, २३ वर्षं राहिलीत, आणि २.१ टक्क्यांचा फिक्स, म्हणजे ठरलेला व्याजदर, पुढच्या वर्षी संपतोय. आणि गॅरेजमध्ये उभी आहे १९९० ची फोक्सवॅगन गोल्फ मार्क टू, म्हणजे दुसऱ्या पिढीची, साधी १.६, बोनसमधून ४,५०० ला घेतलेली. तिच्यात ऑडी टीटी २२५ चं १.८ टर्बो इंजिन, सहा गिअरचा गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद देणारी हॅल्डेक्स असं सगळं उचलून बसवायचं, फोर व्हील ड्राइव्ह करायची, ४५० बीएचपी (हॉर्सपॉवर) काढायची आणि हे सगळं घरी, स्वतःच्या हाताने. अजून ११,५०० लागतील असा त्यांचा हिशोब. प्रश्न एकच, आयएसए मोडू की १० हजारांचं लोन काढू?

भाऊ, दोन्ही नको. पण गाडी करू नका असं म्हणत नाहीये, शेवटपर्यंत वाचा.

पहिल्यांदा तुमच्या पत्रातलं ते वाक्य, "ही एक प्रकारची इन्व्हेस्टमेंटच आहे, जुन्या हॉट हॅचच्या किमती बघा कुठे गेल्यात." बघितल्या, त्या छोट्या पण दमदार गाड्यांच्या. पण कुठल्या गाड्यांच्या गेल्या ते पण बघा ना. लान्चा डेल्टा इंटिग्राले, जिच्या घराण्याने १९८७ ते १९९२ सलग सहा वर्षं रॅलीचं मॅन्युफॅक्चरर्स टायटल घेतलं. एस्कॉर्ट आरएस कॉसवर्थ. तुमच्याच मार्क टूची रॅली गोल्फ, जी १९८९ च्या सुमाराला साधारण ५ हजारच बनली आणि तीही फक्त डावीकडच्या स्टिअरिंगची. ह्या गाड्यांना पैसा मिळतो तो कंपनीने बनवल्या तशा राहिल्या म्हणून, कागद आहेत म्हणून, इंजिन-चासीचे नंबर जुळतात म्हणून. तुमची गाडी कितीही जबरदस्त झाली तरी घेणाऱ्याच्या नजरेत ती "कोणीतरी घरी बनवलेली" गाडी असते, आणि तो मनात पहिला प्रश्न विचारतो की ह्याने वेल्डिंग नीट केलंय का. इथे खाजगी गाडी विकून नफा झाला तर कॅपिटल गेन्स टॅक्स लागत नाही हे तुम्ही बरोबर लिहिलंय, फक्त तो नियम वापरायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही. त्यामुळे इन्व्हेस्टमेंट हा शब्द वहीतून खोडून टाका, हौस लिहा. हौस म्हटलं की हिशोब सोपा होतो, कारण मग परत किती येणार हा प्रश्नच उरत नाही, महिन्याला किती परवडतं एवढाच उरतो.

बरं एक चांगलं झालं, तुमच्याकडे साधी १.६ आहे. धडधाकट जीटीआय, म्हणजे गोल्फचंच दमदार मॉडेल, असती तर मी म्हटलं असतं की कटर खाली ठेवा, ती विका आणि गंजकी शोधा.

आता लोन. फिक्स संपल्यावर दर साडेचार टक्के धरला तर तुमचा हप्ता साधारण ९७० वरून १,२३५ वर जातो, म्हणजे २६५ गेले. ८५० चे ५८५ झाले. त्यात १० हजारांचं लोन पाच वर्षांसाठी, समजा ७.९ टक्क्यांनी, महिन्याला २०० च्या आसपास, एकूण फेड १२ हजारांच्या वर. उरले ३८५. ह्यात तिघांची भारताची तिकिटं, बॉयलर, मुलीचे क्लासेस आणि गाडीचे "अजून एकच पार्ट मागवतो" वाले खर्च. शिवाय लोनचा हप्ता तुमच्या स्पीडने चालत नाही, गाडी दोन वर्षं वीकेंडला पाऊस आहे म्हणून तशीच पडून राहिली तरी तो एक तारखेला जाणारच.

आणि आयएसए? तुमचा महिन्याचा खर्च ४,४५०, तीन महिन्यांचा धरला तर १३,३५०, आणि कॅश आहे ९ हजार. म्हणजे नाव काहीही असो, ते १४ हजार हाच तुमचा अडीअडचणीचा पैसा आहे आत्ता. ते टर्बोत घातले आणि नोकरी गेली तर हातात दोन महिने, आणि त्या वेळी अर्धी उघडलेली गोल्फ कोणी धड किमतीला घेत नाही.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे खरं तर. चार वर्षांत २० हजार हौसेवर गेले तर तुमच्या पगाराच्या माणसाचं काही बिघडत नाही, लोक किचनवर घालवतात तेवढे. भीती मला अर्धवट गाडीची वाटते. पूर्ण चालणारी गाडी विकता येते, न उघडलेली गाडी विकता येते, पण फ्लोअर कापलेली, इंजिन पॅलेटवर, वायरिंग खोक्यात आणि बोल्ट जॅमच्या बाटल्यांत अशी गाडी विकायला काढली की वेगवेगळ्या पार्टच्या किमतीची बेरीज सुद्धा मिळत नाही. नाशिकला माझ्या मामाने पडवीत एक जावा मोटरसायकल अशीच सुटी करून पोत्यांत भरली होती, "दिवाळीपर्यंत उभी करतो" म्हणून. ११ दिवाळ्या मी मोजल्या, पुढे मोजायचं सोडलं. मामीने शेवटी पोती भंगारवाल्याला दिली तेव्हा मामा दोन दिवस जेवला नव्हता.

म्हणून कामाचा क्रम असा लावा की कुठेही थांबावं लागलं तरी हातात चालणारी गाडी राहील. तुमच्या यादीत फोर्ज्ड रॉड (इंजिनातले जास्त मजबूत कनेक्टिंग रॉड), मोठा टर्बो, इंजेक्टर, क्लच असे ४,००० पहिल्या सहा महिन्यांत दाखवलेत, ते उचलून सगळ्यात शेवटी टाका. आधी पूर्ण चालू टीटी घ्या, नुसतं इंजिन नको, आख्खी गाडी, कारण लूम (वायरिंगचा जुडगा), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), पेडल, हॅल्डेक्सचा कंट्रोलर, प्रोपशाफ्ट असलं किडुकमिडुक सुटं घ्यायला गेलं की तिथेच खिसा फाटतो, आणि उरलेली टीटी, सीट, काचा, दरवाजे, विकून बऱ्यापैकी पैसे परत येतात. घेताना चालवून बघा, मागची चाकं ओढतायत का ते बघा, कारण हॅल्डेक्स म्हणजे तेलाच्या प्रेशरवर चालणारा क्लच पॅक, पुढची चाकं घसरायला लागली की मागे ताकद पाठवतो, आणि तेल-फिल्टर कोणी बदललाच नसेल तर तुम्ही फोर व्हील ड्राइव्हचे पैसे देऊन टू व्हील ड्राइव्ह घरी आणाल.

मग ते इंजिन जसं आहे तसंच बसवा, २२५ बीएचपीचं. मला माहितीये तुम्ही आता तोंड वाकडं केलंत. पण त्या काळची आठ व्हॉल्व्हची जीटीआय ११२ ची होती, म्हणजे तिच्या दुप्पट ताकद, वर चारही चाकांना, आणि बॉडी टीटीपेक्षा कितीतरी हलकी. ही गाडी चालेल, एमओटी (इथली गाडीची वार्षिक तपासणी) पास होईल, इन्शुरन्स मिळेल, वीकेंडला मुलीला आइस्क्रीम खायला घेऊन जाता येईल. आणि जी गोष्ट चालते तिच्यावर पुढे काम करायला हात शिवशिवतात. मूळच्या रॉडवर मोठा टर्बो लावून बूस्ट वाढवला की रॉड वाकतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणजे ४५० साठी इंजिन उघडावं लागणारच, मग ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी उघडा, तेव्हा बाकी गाडी तयार असेल आणि पैसा साठलेला असेल.

कागदांचं तुम्ही एका ओळीत उरकलंय, "डीव्हीएलएचं बघू नंतर." डीव्हीएलए म्हणजे इथलं आरटीओ, आणि ते नंतर नाही, कापण्याआधी. मार्क टूच्या साध्या गाडीला मागे बीम अ‍ॅक्सल आणि तिथेच पेट्रोलची टाकी, हॅल्डेक्स बसवायचं तर मागचा फ्लोअर कापून दुसरा जोडावा लागतो, आणि ह्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. डीव्हीएलएच्या दृष्टीने हा किरकोळ बदल नाहीच. जुन्या पॉइंट सिस्टीममध्ये असं केलं की आयव्हीए टेस्ट (त्या एका गाडीची मंजुरीची तपासणी) आणि क्यू नंबर प्लेट (मूळ ओळख गेलेल्या गाडीची) अशी वेळ यायची, आणि क्यू प्लेट लागली की विकायच्या वेळी किंमत पडते. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदललेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी ज्याने गाडी बनवली त्या मित्राचं ऐकू नका, आजचं गाइडन्स वाचा, काय करणार ते त्यांना लिहून कळवा आणि उत्तर फाइलला लावा. प्रत्येक वेल्डचे फोटो पण काढा, फुकट आहेत आणि इन्शुरन्सला, एमओटीवाल्याला, पुढच्या गिऱ्हाइकाला, सगळ्यांना लागतात.

आणि "४० वर्षं झाली की टॅक्स नाही, एमओटी नाही" हे अर्धंच खरंय. १९९० ची गाडी म्हणजे एप्रिल २०३१ पासून रोड टॅक्स माफ, ठीक. पण गेल्या ३० वर्षांत सस्पेन्शन-अ‍ॅक्सलची पद्धतच बदललीत तर एमओटीची सूट मिळत नाही, दरवर्षी करावी लागणार. आणि करावीच हो, ४५० बीएचपीची गाडी आहे. तोपर्यंत हॅरोला मेव्हण्याकडे ती घेऊन गेलात तर यूलेझचे, म्हणजे लंडनमध्ये जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना लागणाऱ्या चार्जचे, दिवसाला साडेबारा पौंड वेगळे.

इन्शुरन्सचा कोट आजच घ्या, एक २२५ चा आणि एक ४५० चा. मॉडिफाइड गाड्यांचे ब्रोकर असतात, अ‍ॅग्रीड व्हॅल्यूची (गाडीची किंमत आधीच ठरवलेली) पॉलिसी मागा, आणि एकूण एक बदल सांगा, लपवलंत तर क्लेमच्या वेळी पॉलिसी असून नसल्यासारखी. कदाचित त्या दोन कोटमधला फरक बघूनच तुमचं ४५० चं वेड थोडं खाली येईल, नाही आलं तरी आकडा माहीत असलेला बरा. गाडी उघडल्यावर सॉर्न करा, म्हणजे ती रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला कळवा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि घराच्या इन्शुरन्सवाल्यांना विचारा की घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये वेल्डिंग चालतं का.

तुमचा ११,५०० चा आकडा मात्र मला पटत नाही. त्यात "इतर" ५०० आहेत! घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही. बुश, होज, ब्रेक पाइप, फ्यूएल पंप, एक्झॉस्ट, प्रोपशाफ्ट मापाला करून बॅलन्स करणं, पाच बोल्टची चाकं, वेल्डर, इंजिन क्रेन, दोनदा लागणारे ऑइल सील, आणि मार्क टू आहे म्हटल्यावर गंज, तो पेंट काढल्यावरच कळतो किती आहे. मी १६ ते १७ हजार धरीन.

आता पैसे कुठून ते. गाडीच्या आधी एक काम, तुमची कंपनी पेन्शनला ८ टक्क्यांपर्यंत मॅच करते आणि तुम्ही ५ च टाकताय. सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे टॅक्स लागायच्या आधीच पगारातून कापून, अजून ३ टक्के टाकले तर वर्षाचे १,९२० पेन्शनला जातात, पण तुम्ही ४० टक्के टॅक्सवाले म्हणून हातातले महिन्याला ९३ च कमी होतात, आणि कंपनी वरून अजून १,९२० टाकते. हे सोडून टर्बो घेणं म्हणजे समोर पडलेली नोट ओलांडून जाणं. शिवाय त्याने तुमचं उत्पन्न ६० हजारांच्या खाली येतं, म्हणजे चाइल्ड बेनिफिटमधून (मुलांसाठीच्या सरकारी भत्त्यातून) थोडं कापलं जातंय तेही थांबेल.

८५० मधून हे ९३ आणि वाढणाऱ्या हप्त्याचे २६५ आजपासूनच बाजूला काढायला लागा. फिक्स संपेपर्यंत ते २६५ कॅशमध्ये जातील, म्हणजे वर्षभरात कॅश १२ हजारांवर येते. उरले ४९०, त्यातले ३०० गाडीचे, वेगळ्या अकाउंटला, पगाराच्या दिवशीच. भिशी समजा, फक्त नंबर दर महिन्याला तुमचाच लागतो. बोनस आला तर अर्धा तिकडे, अर्धा वहिनी म्हणतील तिकडे. अकाउंटमध्ये पैसे नसतील त्या महिन्यात फक्त हाताचं काम, घासणं, साफ करणं, वायरिंगला लेबल लावणं. १०० पौंडाच्या वरचा पार्ट क्रेडिट कार्डने घ्या आणि त्याच महिन्यात फेडा, पार्ट आलाच नाही किंवा खराब निघाला तर सेक्शन ७५ खाली कार्डवाल्यांकडे पैसे मागता येतात. ह्या स्पीडने साधारण चार-साडेचार वर्षं लागतील. मुलगी दहाची होईल, स्पॅनर ओळखायला लागेल.

एनआरई एफडीला हात लावू नका, ती आईबाबांच्या औषधपाण्याची आहे असं तुम्हीच लिहिलंय. पण तिचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथे दाखवलं नाही असं जे सहज लिहून गेलात ते नाही चालत. तुम्ही इथले टॅक्स रेसिडेंट, इथे ते करपात्र आहे, हायर रेटवाल्याला व्याजावर सूट फक्त ५०० पौंडांची आणि ती एफडी एकटीच त्या आकड्याच्या आसपास जाते, वर इथल्या बँकेचं व्याज आहेच. मागच्या वर्षांचं पण बघावं लागेल, अकाउंटंटला ह्याच महिन्यात गाठा.

अजून एक, तुम्ही एकटे गाडीखाली झोपणार. कामावर आजारी पडलात तर कंपनी किती आठवडे पूर्ण पगार देते ते काढून मला कळवा, इन्कम प्रोटेक्शन (आजारपणात पगाराच्या जागी पैसे देणारा विमा) घ्यायचं का ते त्यावर ठरेल. आणि जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, अ‍ॅक्सल स्टँड चांगले घ्या, तिथे दहा पौंड वाचवू नका.

फिक्स संपायच्या सहा महिने आधी मॉर्गेज ब्रोकरला फोन करा. इन्शुरन्सचे दोन्ही कोट आले की पाठवा. आणि ते रॉड अजून ऑर्डर केले नसतील तर तसेच बास्केटमध्ये राहू द्या.